वय विचारू नका, ब्रेक दाबून बघा

आमच्या ठाण्यातल्या खोपटच्या सोसायटीच्या सभेत दरवर्षी लिफ्ट, पाण्याची टाकी आणि पार्किंग हे तीनच विषय असतात. यंदा पार्किंगच्या विषयात माझी जीप निघाली. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ उठले. शिकलेले, वाचणारे, कुणाशी आवाज चढवून न बोलणारे. म्हणाले, "यांच्यावर माझा वैयक्तिक राग नाही. पण तीस वर्षांची डिझेल गाडी शहरात अजून वापरणं हा अडाणीपणा आहे. ती धूर सोडते, ती धोक्याची आहे आणि तिच्यावरचा खर्च म्हणजे मेलेल्या म्हशीला औषधपाणी. भावना बाजूला ठेवा आणि भंगारात द्या." टाळ्या पडल्या. मुद्दे इतके नेटके मांडले होते की माझेही हात अर्धे वर आले होते.

हे एकट्या त्यांचं मत असतं तर मी जिन्यातच उत्तर दिलं असतं. पण आता ते शहाण्या माणसांचं सर्वमान्य मत झालंय. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हवेच्या प्रदूषणाची सुनावणी चालू असताना, मुंबई महानगर प्रदेशातल्या डिझेल-पेट्रोलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हा प्रश्न पुढे आला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने अभ्यासासाठी समिती नेमली. ठाणं त्या प्रदेशात येतं. दिल्लीत तर दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल ही रेघ २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच पक्की केली होती. म्हणजे आमच्या गृहस्थांच्या पाठीशी मोठमोठी नावं उभी आहेत. माझ्या पाठीशी एक मिस्त्री आणि एक ग्रीस गन. तरीही त्यांचे तिन्ही मुद्दे एकेक करून तपासायचं मी ठरवलंय. काही ठिकाणी ते बरोबर आहेत, तिथे तसं कबूल करीन.

आधी जीपचं काम सांगतो, कारण सभेत ते कुणी विचारलंच नाही.

गाडी १९९४ ची महिंद्रा एमएम ५४०. आत प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, पुढेमागे पाटे, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, आणि गरज पडली की पुढची चाकंही ओढायला लागतात. मी हातपंप आणि बोअरच्या मोटरी दुरुस्त करतो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतले पाडे हा माझा भाग. भातसा, तानसा, वैतरणा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं याच पट्ट्यात आहेत आणि यांच्याच आसपासच्या पाड्यांना मार्च उलटला की टँकरची वाट बघावी लागते. टँकर येईल तेव्हा येईल. तोवर पाड्याचा जीव त्या एका हातपंपावर असतो.

हातपंप म्हणजे बहुतेक ठिकाणी इंडिया मार्क-२. तो उघडायचा तर लोखंडी पाइप वर ओढावे लागतात. प्रत्येक पाइप तीन मीटरचा, असे दहा, बारा, पंधरा. त्यांच्यासोबत तिपाई, चेनचे पाने, क्लॅम्प, सळया आणि दोन माणसं. डोळखांबच्या पुढे जिथे डांबर संपतं तिथून मुरमाचा चढ लागतो, मग ओढा, मग पुन्हा चढ, आणि त्या चढावर पाण्याने खोदलेली गुडघाभर चरी. पिकअप ओढ्याच्या अलीकडे थांबते. ट्रॅक्टर जातो, पण त्याला तिथवर आणायचं भाडं दुरुस्तीच्या पैशांपेक्षा जास्त. माझी जीप लो गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगाने, पाइप खडखडवत वर चढते. हे तिचं काम. वर्षाला सगळं मिळून तीन हजार किलोमीटर. आमच्या सोसायटीतली नवी गाडी तेवढं दोन-तीन महिन्यांत ठाणे-बीकेसी करते.

आता पहिला आरोप, धूर.

यात गृहस्थ अर्धे बरोबर आहेत आणि तो अर्धा भाग मोठा आहे. माझं इंजिन बनलं तेव्हा 'भारत स्टेज' हा शब्दही जन्मला नव्हता. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. त्या निकषातली डिझेल गाडी दर किलोमीटरला जी काजळी सोडते तिच्याशी माझ्या जीपची बरोबरी होऊच शकत नाही. इथे वकिली करण्यात अर्थ नाही. काजळीचे ते बारीक कण फुप्फुसात जातात, आणि खोपटच्या सिग्नलला उभ्या असलेल्या पोराला जीप उपयोगाची आहे की हौसेची, याच्याशी काही घेणं नसतं.

पण धूर म्हणजे नेमकं काय, हे एकदा समजून घेऊ. जुन्या डिझेल इंजिनाचा धूर त्याच्या वयातून निघत नाही. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. नोझल गळतंय, पंपाचं सेटिंग बिघडलंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, रिंगा झिजल्यात. गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर हेड पॅकिंगकडे बघा. प्रत्येक रंगाला कारण आहे आणि प्रत्येक कारणाला इलाज.

आमचे मिस्त्री एसटीतून निवृत्त झालेले. डेपोच्या मागच्या अंगाला त्यांची पत्र्याची शेड आहे. चारही नोझल काढून ते हाताच्या टेस्टरवर एकेक बसवतात आणि दांडा दाबतात. चांगलं नोझल 'चर्र' असा आवाज करून डिझेलचं धुकं सोडतं, इतकं बारीक की हवेत तरंगतं. वाईट नोझल पिचकारी मारतं आणि तोंडाशी एक थेंब लटकत राहतो. तो थेंब नीट जळत नाही, त्याचाच धूर होतो. मिस्त्री तो थेंब बोटाने पुसून मला दाखवतात आणि म्हणतात, "हा बघा तुमचा प्रदूषणवाला." मायकोचा डिझेल पंप कॅलिब्रेशनला दिला, नोझल बदलली, टॅपेट लावले की त्याच इंजिनाचा धूर डोळ्यांना दिसण्याइतका उतरतो.

हे मापताही येतं. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना पीयूसीची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट आहे. आकडा ठरलेला आहे, यंत्र ठरलेलं आहे. गाडी आकड्याच्या आत असेल तर पास, नसेल तर घरी. मग वयाची रेघ मारायची गरज का पडते? कारण आपल्या पीयूसीवर आपलाच विश्वास नाही. गाडी केंद्रावर उभी न करता फक्त नंबर सांगून प्रमाणपत्र मिळाल्याचे किस्से प्रत्येक नाक्यावर ऐकायला मिळतात, आणि एका केंद्रावर मला स्वतःलाच "आणायची कशाला, फोटो पाठवा" असं सांगितलं गेलंय. मापणारा हात खोटा निघाला म्हणून मोजपट्टीच फेकून द्यायची आणि जन्मदाखला बघून निकाल लावायचा, हा आळस झाला. पर्यावरणाची काळजी तो नव्हे.

आणखी दोन गोष्टी. आधुनिक डिझेल गाडीत काजळी अडवणारा जो फिल्टर असतो, त्यात साठलेली काजळी जाळायला तो चांगला तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी बरा वेळ वेगाने पळावी लागते. हायवेवर ते आपोआप होतं. दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढ-ओढा करणाऱ्या गाडीत तो फिल्टर चोंदत जातो, दिवा लागतो आणि गाडी ताकद सोडते. पाड्यावर कॉम्प्युटर घेऊन येणारा माणूस नसतो. दुसरी गोष्ट ट्रॅक्टरची. १ जानेवारी २०२३ ला ट्रॅक्टरांसाठी धुराचे कडक निकष आले ते ५० अश्वशक्तीच्या वरच्यांना. शेतकऱ्याकडचा नेहमीचा ट्रॅक्टर त्याच्या खालचा असतो आणि त्याला त्या वेळी वगळलं. म्हणजे त्या दिवशी शोरूममधून निघालेला कोरा ट्रॅक्टर जुन्या निकषांवर चालेल, कारण त्याला काम आहे, हे सरकारने मान्य केलं. माझा तक्रारीचा सूर नाही, तो निर्णय समजण्यासारखा आहे. मी एवढंच म्हणतो की कामाचा विचार तिथे होतो तर इथेही व्हावा.

आणि माझी कबुली. सभेनंतर आठवडाभर विचार केला आणि जीपचा मुक्काम शहापूरला एका ओळखीच्या अंगणात हलवला. मी खोपटहून एसटीने जातो आणि तिथून जीप काढतो. शहरात ती आता फक्त मिस्त्रींकडे येते, वर्षातून दोनदा. गृहस्थांच्या म्हणण्यातला 'शहरात' हा शब्द बरोबर होता. 'भंगारात' हा शब्द चुकीचा होता.

दुसरा आरोप, धोका. इथे मला स्वतःचीच गोष्ट सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मुरबाडकडच्या एका उतारावर पाइप लादून उतरत होतो. ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल सरळ खाली गेलं. पुन्हा दाबलं, पंप केलं, अर्धा धरला, सुटला. जीप पहिल्या गिअरमध्ये होती म्हणून वेग आवरला, डाव्या बांधाला चाक घासलं आणि एका करवंदीच्या जाळीत जाऊन थांबलो. माझ्यासोबतचा पोरगा खाली उतरला आणि बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मागचा ड्रम काढला. व्हील सिलिंडरमधला रबरी कप उलगडला होता, कड कुरतडल्यासारखी झालेली. सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडले होते, त्यांनी कप खाल्ला. खड्डे कशाने पडले? ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून ते ठरावीक काळाने बदलायचं असतं. मी चार वर्षं बदललं नव्हतं. मिस्त्रींनी तो कप माझ्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "हातपंपातला वॉशर फाटला तर तुम्ही काय करता? बोअर बुजवता?"

या प्रश्नाने मला जागेवर आणलं. मी आयुष्यभर तेच करत आलो. पंप बंद पडतो तो बहुतेक वेळा एका झिजलेल्या वॉशरपायी. वॉशर बदलला की पाणी येतं. वीस वर्षांचा पंप आणि पाच वर्षांचा पंप, दोघांचा वॉशर सारखाच फाटतो. इंडिया मार्क-२ हा १९७० च्या दशकात आपल्याकडेच तयार झालेला पंप जगभर टिकला, याचं कारण तो उघडता येतो, दुरुस्त करता येतो, आणि झिजणारा भाग वेगळा ठेवलेला आहे. माझी जीप त्याच जातीची आहे. त्या उतारावरचा धोका जीपच्या १९९४ सालात नव्हता. तो माझ्या चार वर्षांच्या हलगर्जीपणात होता. पाच वर्षांच्या गाडीच्या मालकाने तेवढंच दुर्लक्ष केलं तर तीही एक दिवस उतारावर धोका देईल.

आता प्रश्न हा की माझी ती हलगर्जी पासिंगमध्ये पकडली का गेली नाही. नूतनीकरणाच्या वेळी गाडी उभी केली. साहेबांनी चासी नंबरवरची धूळ पुसायला लावली, नंबर उतरवून घेतला, हॉर्न वाजवला, इंडिकेटर बघितले. ब्रेकला कुणी पाय लावला नाही. हा अनुभव माझ्या एकट्याचा असता तर मी गप्प बसलो असतो. पुण्याचे श्रीकांत कर्वे याच प्रश्नावर जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने आरटीओंना ब्रेक तपासण्यासाठी २५० मीटरचे ट्रॅक उभारायला सांगितलं. गाडी पळवून ब्रेक दाबून बघायला जागा पाहिजे, एवढी साधी गोष्ट न्यायालयाच्या तोंडून सांगावी लागली. ज्या व्यवस्थेला ब्रेक दाबून बघण्यासाठी आदेश लागतो, ती व्यवस्था वयाच्या आधारावर कडक होते, हे मला गमतीचं वाटतं.

इंग्लंडात ही तपासणी १९६० पासून आहे. आज तिथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासायची. ब्रेक, स्टिअरिंग, चासीचा गंज, धूर, सगळं. नापास झाली तर दुरुस्त करून आणा, नाहीतर रस्त्यावर आणू नका. तिथे वय वाढलं म्हणून कुणी गाडी ओढून नेत नाही. मला तीच अट हवी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी जे होतं ते दरवर्षी करा. उलट मी म्हणेन, माझ्यासारख्या गाडीला वर्षाला दोनदा बोलवा. मी येतो.

एक गोष्ट मात्र मान्य. जीपला एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि हायवेवर ऐंशीच्या वेगाने जाणं हा तिच्या बाबतीत शुद्ध वेडेपणा आहे. म्हणून मी तिच्यातून घरच्यांना नाशिकला नेत नाही. ती कामाची गाडी आहे, कामापुरतीच चालते.

तिसरा आरोप खर्चाचा.

"दुरुस्तीच्या खर्चात नवी येईल" हे वाक्य ठाण्यात जो तो ऐकवतो, आणि ते म्हणणाऱ्याने हिशेब केलेला नसतो. चारही चाकं ओढणारी नवी गाडी आज दहा लाखांच्या पुढे जाते. नोझल, क्लच प्लेट, युजे क्रॉस, पाट्यांचे बुश, ब्रेकची किट आणि मिस्त्रींची मजुरी एवढं सगळं धरूनही माझा वर्षाचा खर्च त्या गाडीच्या दोन-तीन हप्त्यांच्या आत बसतो. सुटे भाग मिळतात कारण अशा जीपा देशभर लाखांनी विकल्या गेल्यात. जे दुकानात मिळत नाही ते कुर्ल्याला मिळतं. कुर्ल्याला नाही मिळालं तर वागळे इस्टेटमधला लेथवाला बुश फिरवून देतो.

हिशेब पर्यावरणाचाही करू, कारण गृहस्थ त्याच भाषेत बोलतात. माझी जीप वर्षाला सुमारे ३०० लिटर डिझेल पिते. एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोंहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे वर्षाला साधारण ८०० किलो. आपल्याकडे एक टन पोलाद घडवतानाच दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. माझ्या जागी येणाऱ्या नव्या गाडीत टनभर पोलाद धरलं, तरी ती गाडी शोरूमच्या दारातून निघण्याआधीच माझ्या जीपची तीन वर्षं खर्च करून बसलेली असते. टायर, ॲल्युमिनियम, प्लास्टिक वेगळं. काजळीच्या बाबतीत नवी गाडी जिंकते, हे वर मान्य केलंय. पण कर्बवायूच्या बाबतीत, वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणारी गाडी भंगारात देणं हा तोट्याचा सौदा आहे. रोज शंभर किलोमीटर पळणाऱ्या टॅक्सीचा हिशेब वेगळा, तिथे मी गृहस्थांच्या बाजूने.

आता सरकारी धोरण. गाड्या भंगारात काढण्याचं धोरण २०२१ मध्ये आलं. ते नीट वाचलं तर खाजगी गाडीच्या बाबतीत त्याचा पाया वय नाहीच. गाडी फिटनेसमध्ये नापास झाली तर ती संपली, असं त्यात म्हटलंय. यावर माझी एक ओळीचीही हरकत नाही. पण फी बघा. माझ्यासारख्या हलक्या गाडीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती १०,००० केली. पर्यावरण कर त्यावर वेगळा. माझ्या जीपने २०१९ मध्ये ६०० भरले, २०२४ मध्ये ५,००० भरले आणि २०२९ मध्ये १०,००० भरावे लागतील. या तिन्ही वेळी तपासणी तीच. ब्रेकचं एक टोकही जास्त तपासलं जाणार नाही. धोरण म्हणतं अवस्था बघतो, पावती म्हणते वय बघतो. खरंच तपासणीसाठी पैसे हवे असतील तर घ्या, यंत्रं लावा, ट्रॅक करा. पण ही रक्कम तपासणीची किंमत वाटत नाही. माणसाने कंटाळून गाडी सोडावी म्हणून लावलेला तो दंड वाटतो. आणि दंडाने सुटते ती गरिबाची गाडी. हौशी माणूस दहा हजार भरून जीपला नवे टायर लावून लोणावळ्याला जातो.

सरकारी गाड्यांच्या बाबतीत तर तेवढाही आडपडदा नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी, निमसरकारी, महापालिका, पंचायत आणि एसटी महामंडळांच्या गाड्यांची नोंदणी रद्द. यातून सूट आहे ती संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास गाड्यांना. ही सूट योग्यच आहे, कारण त्या गाड्यांना काम आहे आणि त्यांची देखभाल शिस्तीने होते. मग शिस्तीने देखभाल होणारी दुसरी कामाची गाडी काय पाप करते?

खोपटात राहून हा प्रश्न विचारताना मला समोर एसटी डेपो दिसतो. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर गाडी सुटली तेव्हापासून ही संस्था महाराष्ट्रात दुरुस्तीची शाळा चालवत आली आहे. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा या तिच्या मोठ्या कार्यशाळांतून गाड्यांचे सांगाडे उभे राहिले. अगदी २०१८ च्या सुमारासही जुन्या ॲल्युमिनियमच्या गाड्यांच्या चासीवर नवे पोलादी सांगाडे चढवून त्या पुन्हा रस्त्यावर आणल्या गेल्या. त्यात कुणाला हौस नव्हती, हिशेब होता. आमचे मिस्त्री याच शाळेत घडले. ते म्हणतात, "गाडीचं आयुष्य कॅलेंडरवर मोजायचं नसतं. कोणता भाग किती चालला ते लिहून ठेवायचं असतं." त्यांच्या सांगण्यावरून माझी वही सुरू झाली. ब्रेक ऑईल कधी बदललं, नोझल कधी टेस्ट केली, किंगपिनला ग्रीस कधी मारलं. आज कुणी साहेब ती वही मागत नाही. मागितली पाहिजे.

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी दोन शब्द, कारण गृहस्थांपेक्षा मला यांचाच जास्त त्रास होतो.

पहिले 'जुनं ते सोनं'वाले. यांची जीप धुतलेली असते, पुढे पाच दिवे असतात, आणि तिने शेवटचा ओढा ओलांडला तो फोटोसाठी. यांना वाटतं जुनी गाडी वापरणं म्हणजे संस्कृती जपणं. माझ्या जीपमध्ये संस्कृती नाही, पाइप आहेत. ज्या दिवशी पाइप नेण्याचा याहून बरा आणि परवडणारा मार्ग मिळेल त्या दिवशी मी ती सोडीन, डोळ्यांत पाणी न आणता. दुसरे जुगाडवाले. चासीला चीर पडली की वेल्डिंग मारून वरून काळा रंग लावायचा, गंजक्या पत्र्यावर लांबी भरायची, ब्रेक ऑईल कमी झालं की हाताला येईल ते ओतायचं, आणि त्याच गाडीत दहाच्या जागी अठरा माणसं कोंबून घाट उतरायचा. यांच्या गाड्या खरंच धोक्याच्या आहेत. सभेतल्या गृहस्थांनी बोट यांच्याकडे दाखवलं असतं तर मी पहिली पूर्ण टाळी वाजवली असती. या लोकांमुळेच वयाची रेघ मारणाऱ्यांना जनतेची मान्यता मिळते. देखभाल आणि जुगाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपणच बोललं पाहिजे. झिजलेला भाग काढून नवा बसवणं ही देखभाल. झिजलेला भाग लपवून गाडी पुढे ढकलणं हा जुगाड. पहिल्याला खर्च येतो, दुसऱ्याची किंमत दुसरा कुणीतरी मोजतो.

आणखी एक नुकसान आहे, जे भंगाराच्या वजनकाट्यावर दिसत नाही. मिस्त्रींच्या शेडमध्ये पूर्वी तीन पोरं होती, आता एक आहे. डिझेल पंप उघडून तो कानाने लावणारे कारागीर खोपट-वागळे पट्ट्यात बोटांवर मोजण्याइतके उरलेत. नव्या गाड्या कंपनीच्या लॅपटॉपशिवाय उघडत नाहीत. हा प्रश्न फक्त आमच्यासारख्यांचा राहिलेला नाही. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तिच्या विषयांत शेतीची यंत्रंही होती आणि गाड्याही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्याला स्वतःचा ट्रॅक्टर दुरुस्त करण्याचा हक्क कायद्याने दिला. एका हाताने दुरुस्तीचा हक्क द्यायचा आणि दुसऱ्या हाताने दुरुस्त होणारी गाडीच भंगारात न्यायची, या दोन गोष्टी एकत्र नांदणार कशा?

माझं म्हणणं चार ओळींत मावतं. पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक गाडीची दरवर्षी खरी तपासणी करा, ट्रॅकवर, यंत्रावर, माणसाच्या लहरीवर नको. धूर आकड्याने मापा आणि आकडा पावतीवर छापा. वर्षाला ठरावीक किलोमीटरच्या आत, शहराबाहेर चालणाऱ्या कामाच्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग करा आणि तो मोडणाऱ्याचा परवाना काढून घ्या. आणि नापास झालेली गाडी, मग ती माझी असो की आमदाराची, तीस वर्षांची असो की तीन, त्याच जागी थांबवा.

गृहस्थांनी मला सभेत 'भावना बाजूला ठेवा' असं सांगितलं होतं. मी ठेवली. आता तेवढंच मी त्यांना सांगतो, कारण नवं म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित, हीसुद्धा एक भावनाच आहे.

जीपची नोंदणी २०२९ मध्ये संपते. तेव्हा ती पस्तीस वर्षांची असेल आणि फी दहा हजार. त्या दिवशी खिडकीपलीकडून कुणी उठून आलं, गाडीत बसलं आणि ब्रेकवर एकदा पूर्ण जोराने पाय ठेवून बघितला, तर ते दहा हजार मी हसत भरीन. आणि पेडल खाली गेलं, तर किल्ली तिथेच ठेवून एसटीने खोपटला परत येईन.